खाली नाव नसलेला मेल

आजवर मी एकच खोटा मेल लिहिला. तो फार चांगला जमला होता आणि त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली. ती शाबासकी परत कुठे करायची हे मला कळलेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

चेन्नईबाहेर, इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथे मी माहिती-सुरक्षेच्या टेबलावर बसते, त्याला सात वर्षं झाली. वेलचेरीच्या आमच्या इमारतीतल्या बायका विचारतात, "कारखान्यात तू काय बनवतेस?" मी काहीच बनवत नाही. लोकांना आलेले मेल वाचते आणि त्यातले खरे कुठले, खोटे कुठले ते सांगते. समोरच्या फ्लॅटमधल्या मामी यावर म्हणाल्या, "म्हणजे लोकांची पत्रं फोडून वाचतेस. आमच्या गल्लीत पूर्वी एक पोस्टमन होता, तो हे काम फुकट करायचा."

फिशिंग हा शब्द आता सगळ्यांनी ऐकलेला आहे. कोणीतरी तुमच्या बँकेचं, कुरियरचं, साहेबाचं किंवा सरकारी खात्याचं सोंग घेऊन मेल पाठवतो. त्यात एक लिंक असते. ती दाबली की ओळखीचं दिसणारं पान उघडतं. तिथे तुम्ही पासवर्ड टाकता आणि तो थेट त्याच्या हातात पडतो. त्याला कुलूप फोडावं लागत नाही, कारण किल्ली तुम्हीच दारात येऊन देता.

हे ओळखायचं कसं, ते मला कुठल्या कोर्सने शिकवलं नाही. आमच्या घरातल्या पत्रकांनी शिकवलं. बाबा पुण्याकडच्या एका संरक्षण कारखान्यातून बदली होऊन चेन्नईजवळच्या आवडी गावी आले आणि युनियनची पत्रकं लिहू लागले. कच्चा मजकूर मराठीत व्हायचा, मग त्यांचे सहकारी तो तमिळमध्ये आणि इंग्रजीत करायचे. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात गठ्ठे यायचे आणि आई, मी आणि ताई घड्या घालायचो. मी तमिळ वाचायला शाळेआधी त्या पत्रकांवर शिकले. त्यामुळे 'आम्हाला' आणि 'मागणी' हे शब्द मला 'मांजर' आणि 'झाड' यांच्या आधी आले.

एकदा संपाच्या दिवसांत गेटवर एक पत्रक वाटलं गेलं. संप मागे घेतला आहे, सर्वांनी सकाळच्या पाळीला हजर राहावं. कागद तोच, ठसा तोच, वरचं चिन्हसुद्धा तेच. माणसं आत जायला निघाली. बाबा गेटवर उभं राहून एकच सांगत होते, "खाली बघा. तळाशी बघा." तळाशी काढणाऱ्याचं नाव नव्हतं आणि छापखान्याचंही नव्हतं. खरं पत्रक काढणारा तुरुंगात जायच्या तयारीने तळाशी नाव घालतो. घरी आल्यावर बाबांनी ते पत्रक आम्हा दोघींसमोर ठेवलं आणि म्हणाले, "पत्रक हातात आलं की शेवटची ओळ आधी वाचायची. नाव नसेल तर वाचा, पण मानू नका."

माझा सगळा धंदा एवढ्यावर चालतो. मेल आला की पाठवणाऱ्याचं दिसणारं नाव सोडून द्यायचं आणि त्यामागचा पूर्ण पत्ता वाचायचा. लिंक दाबायची नाही, तिच्यावर नुसता बाण नेऊन ठेवायचा, म्हणजे ती खरी कुठे जाते ते दिसतं. आणि मजकुरात घाई आहे का ते बघायचं. आजच्या आज, तीनच्या आत, नाहीतर खातं बंद. बँक खरोखर खातं बंद करते तेव्हा इतक्या कळकळीने कळवत नाही. शंका आली तर त्या मेलला उत्तर द्यायचं नाही. ज्याचं नाव आहे त्याला आपल्याकडच्या जुन्या नंबरावर फोन करायचा.

आणि दाबलं गेलंच तर? तर लगेच सांगायचं. पासवर्ड बदलायचा, मेल पुसायचा नाही, आणि आमच्या टेबलावर यायचं. पहिल्या तासात कळलं तर आम्ही जवळजवळ सगळं वाचवू शकतो. दोन दिवसांनी कळलं तर फक्त अहवाल लिहू शकतो. चोराला आमच्या यंत्रांची फारशी भीती नसते. माणसाने लाजून गप्प बसावं एवढीच त्याची अपेक्षा असते आणि ती आम्ही बहुतेक वेळा पुरी करतो.

तऱ्हेतऱ्हेची माणसं या टेबलाशी येतात. खरेदी विभागातले एक वयस्क गृहस्थ माझं व्याख्यान ऐकून इतके घाबरले की त्यांनी मेल उघडणंच बंद केलं. बंदरात कंटेनर अडकला तेव्हा शोध लागला. मी विचारलं, "सर, कस्टमचे अकरा मेल आले होते, एकही उघडला नाहीत?" ते शांतपणे म्हणाले, "तूच म्हणालीस, सरकारी खात्याच्या नावाने येतो तो खोटा असतो." त्यांचं काय चुकलं ते मला अजून नीट सांगता आलेलं नाही.

दुसरे आमचे डिझाइन विभागाचे मोठे साहेब. त्यांना ग्राहकाच्या नावाने मेल आला, सुधारित ड्रॉइंग पाहावं. साहेबांनी लिंक दाबली, पासवर्ड टाकला, पान उघडलं नाही म्हणून पुन्हा टाकला आणि जेवायला गेले. कोणाला बोलले नाहीत. दोन दिवस एक परका माणूस त्यांच्या मेलपेटीत मांडी घालून बसला होता. तिसऱ्या दिवशी एका पुरवठादाराचा फोन आला की साहेब अचानक इतक्या गोड भाषेत का लिहायला लागले. मुकुंदराव आणि मी आठवडाभर ते निस्तरत होतो.

मुकुंदराव म्हणजे आमच्या खात्याचे प्रमुख, तंजावरकडचे मराठी, निवृत्तीला आलेले. त्यांच्या मराठीत शिवकाळातले अनुस्वार अजून नांदतात आणि मधे मधे तमिळ येतं, 'गं'च्या जागी 'मा'. मी नवीन असताना त्या बोलण्याला हसले होते, त्याची मला लाज वाटते. साहेबांच्या प्रकरणाचा अहवाल त्यांनीच मला दाखवला. त्यात 'तांत्रिक घटना' असे शब्द होते. साहेबांचं नाव कुठेच नव्हतं. मी तापले तेव्हा ते म्हणाले, "मोठ्या माणसाच्या हातून जें होतें तें यंत्राच्या माथीं जातें मा. यंत्राला मेमो देतां येत नाहीं."

ठीक आहे, माणूस चुकतो. मी फक्त 'तांत्रिक घटना' हे शब्द लक्षात ठेवले.

अजून एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती पुढे लागणार आहे. आमच्याकडे येणाऱ्या मेलला एक चाळणी असते. संशयास्पद दिसेल ते ती बाजूच्या पेटीत टाकते आणि ती पेटी सहसा कोणी बघत नाही. एका वर्षी परदेशी लिप्यांतल्या कचऱ्याचा पूर आला तेव्हा मी एक नियम लावला. कारखान्याचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, म्हणून दुसऱ्या लिपीत येईल ते सरळ बाजूला. कचरा एका दिवसात थांबला आणि मी खूश झाले. त्याच आठवड्यात बाबांनी माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मराठीत वाढदिवसाचा मेल पाठवला, तो चाळणीत अडकला. मी हसून त्यांना सांगितलं, "घरच्या पत्त्यावर पाठवा, इथे देवनागरी चालत नाही." बाबा हसले नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग मुख्य कार्यालयाने ठरवलं की लोकांची परीक्षा घ्यायची. आपणच खोटा मेल पाठवायचा आणि कोण दाबतं ते बघायचं. आमच्या धंद्यात याला सराव म्हणतात. आग लागली तर कुठून पळायचं त्याचा करतात तसा. फरक एवढाच की आगीच्या सरावात कोणी माणसांच्या पायाखाली निखारे ठेवत नाही.

एचआरच्या रेवती मॅडम मला म्हणाल्या, "तू चांगली लिहितेस. असं लिही की दाबावंसंच वाटेल."

मी डिसेंबरात लिहिलं. पोंगलच्या रजेची यादी अंतिम झाली आहे. आपलं नाव आहे का ते आज दुपारी तीनपर्यंत पाहून पक्कं करावं. नंतर बदल होणार नाही.

आमच्या लाइनवरच्या बहुतेक मुली कंत्राटी. तिरुवण्णामलै, विळुप्पुरम, कडलूरकडच्या. एकेका खोलीत सहा-सहा जणी राहतात. वर्षातून पोंगलला घरी जायचं, नव्या तांदळाचं भांडं उतू गेलेलं बघायचं आणि परत यायचं. सगळ्यांना रजा मिळत नाही, कारण लाइन चालू ठेवावी लागते. यादी उशिरा लागते, आणि ती लागेपर्यंत कंपनीच्या बसमध्ये दुसरा विषय नसतो. मी त्याच बसने जाते. माझ्या शेजारी बसून त्या जे बोलत होत्या, तेच उचलून मी गळाला लावलं.

मुकुंदरावांनी मजकूर वाचला आणि म्हणाले, "फार बरें लिहिलेंस. वाचून मजलाच गांवीं जावेंसें वाटलें." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

मेल गेला. मोठ्या साहेबांना वगळण्याची सूचना होती, ते कामात असतात म्हणून. संध्याकाळी निकाल आला. पुष्कळांनी दाबलं होतं, पण एक संगणक सगळ्यांच्या वर होता. लाइन चारच्या संगणकावरून सकाळी अर्ध्या-पाऊण तासात बावीस वेळा लिंक दाबली गेली होती आणि बावीस वेळा पासवर्ड टाकला गेला होता. कॅमेऱ्यात संगणकासमोर एकच बाई दिसत होती. लाइन लीडर अमुदा. कंत्राटी, नूतनीकरण जानेवारीअखेर.

रेवती मॅडमनी यादीच्या वर हाताने तिचं नाव घातलं, पुढे 'सुरक्षेबाबत बेफिकीर' असा शेरा लिहिला आणि एजन्सीला बदली बाई पाठवायला सांगायचं ठरवलं. "एकदा दाबलं तर चूक म्हणू," त्या म्हणाल्या. "बावीस वेळा? ती काय चूक आहे?"

मलाही तसंच वाटलं, हे इथे लिहून ठेवते. बघायला म्हणून मी दुसऱ्या दिवशी लाइनवर गेले. रागापेक्षा कुतूहल जास्त होतं. बावीस वेळा कोण दाबतं?

लाइन चारवर गाडीच्या तारांची जुडगी बांधतात. मोठा फळा, त्यावर खुंट्या, आणि त्यांच्याभोवती रंगीत तारा फिरवत बायका उभ्या असतात. गाडीचे दिवे, हॉर्न, काचा, सगळं त्या जुडग्यावर चालतं. अमुदाक्का चाळिशीच्या, निळ्या टोपीत केस कोंबलेले, नाकात दोन्हीकडे खडे. बोलताना हात थांबत नव्हते. आम्ही तमिळमध्ये बोललो.

"अक्का, तो रजेचा मेल तुम्ही बावीस वेळा का दाबलात?"

"बावीस जणी आहेत म्हणून."

मला कळलं नाही हे त्यांना कळलं. त्यांनी हातातली तार खुंटीला अडकवली.

"मॅडम, दोन वर्षांपूर्वी तुम्ही नोटीस बोर्ड बंद केला. प्रत्येकीला मेलचा पत्ता दिलात. छान केलंत. संगणक किती दिलेत? तो एक. चहाची सुट्टी किती? दहा मिनिटं. इंग्रजी किती जणींना वाचता येतं? मला, आणि त्या कोपऱ्यातल्या मुलीला थोडंसं. म्हणून मी पाळीच्या आधी येते, एकेकीची पेटी उघडते, आणि चहाच्या वेळी सगळ्यांना तमिळमध्ये सांगते. तुझी हजेरी चुकली आहे, तुझं ओळखपत्र आलंय, तुझ्या गावच्या रस्त्याची बस बदलली."

"पण पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नसतो," मी म्हटलं. सवयीने.

"बरोबर आहे. मग उद्यापासून तुम्ही येऊन वाचून दाखवा. पावणेसहाला यायचं."

फळ्याच्या पलीकडे कोणीतरी हसलं.

"तुमच्या स्वतःच्या पेटीतला मेल?" मी विचारलं. क्लिकच्या नोंदीत बावीस वेगवेगळी नावं होती हे मला तेव्हा कुठे आठवलं, आणि त्यांत त्यांचं नव्हतं.

"तो उघडलाच नाही. मुलींचं आधी बघितलं. पान प्रत्येक वेळी पासवर्ड विचारायचं आणि नुसतं 'धन्यवाद' म्हणायचं. यादी काही दिसेना. बावीस धन्यवाद झाल्यावर माझं डोकं चाललं. उशिरा चाललं, कबूल आहे. मग खाली बघितलं. रेवती मॅडमची सही नाही. त्या कँटीनमध्ये ताटं घासून ठेवा असं लिहितात तरी सही करतात. म्हणून मी कळवलं."

"कोणाला कळवलंत?"

"तुम्हालाच." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे माझंच पोस्टर होतं. शंका आली? या पत्त्यावर लगेच कळवा. "उत्तर आलं नाही, तेव्हा म्हटलं खरं असेल. मुलींना सांगितलं, यादी लागतेय. दोघींनी घरी फोनसुद्धा केले."

मी वर आले आणि पेटी पाहिली. अमुदाक्कांचा मेल नव्हता. पुन्हा पाहिली. मग माझ्या लक्षात आलं आणि मी चाळणीची पेटी उघडली.

तिथे होता. तमिळमध्ये. "वणक्कम. पोंगल रजेचा मेल आला आहे. मी आमच्या लाइनच्या बावीस जणींच्या नावाने दाबला. खाली सही नाही, मला तो खोटा वाटतो. चूक असेल तर माझी आहे, मुलींची नाही. आता काय करायचं ते लगेच कळवा. अमुदा, लाइन चार."

शेवटच्या क्लिकनंतर अठरा मिनिटांत पाठवलेला. पाठवणारीचं नाव आहे, जागा आहे, काय झालं ते सांगितलं आहे, काही लपवलेलं नाही. मी सात वर्षं जे शिकवते ते सगळं त्या पाच ओळींत होतं. त्या दिवशी अख्ख्या कारखान्यातून आलेली ती एकुलती एक तक्रार होती. बाकीच्यांनी दाबलं आणि गप्प बसले, किंवा ओळखलं आणि गप्प बसले. जिने सांगितलं, तिचा आवाज तमिळ होता म्हणून माझ्या चाळणीने तो कचऱ्यात टाकला होता. चेन्नईपासून तासाभरावर, तमिळनाडूत. त्याच पेटीत थोडं खाली बाबांचा वाढदिवसाचा मेलही होता.

नियम मी त्याच मिनिटाला काढला. त्याने कोणाचं काही परत मिळणार नव्हतं.

मी तो मेल छापून मुकुंदरावांकडे नेला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "ही बाई आपल्या खात्यांत असायला हवी होती," ते म्हणाले. "चल."

रेवती मॅडम वाईट बाई नव्हेत. मुलींच्या बाळंतपणाच्या रजेसाठी त्या वरच्यांशी भांडलेल्या मला माहीत आहेत. पण त्या दिवशी त्यांच्यासमोर एक तक्ता होता आणि तक्त्यात तमिळ मेलसाठी रकाना नव्हता.

"यादी वर गेली आहे," त्या म्हणाल्या. "क्लिक झालं की नाही? झालं. दुसऱ्यांचे पासवर्ड वापरले की नाही? वापरले."

"त्यांनी अठरा मिनिटांत कळवलं, मॅडम. डिझाइनच्या साहेबांनी दोन दिवस कळवलं नव्हतं. त्यांच्या नावापुढे काय शेरा आहे?"

"तो विषय वेगळा."

"कसा वेगळा?"

"तू अजून लहान आहेस."

मुकुंदरावांनी छापलेला मेल मॅडमच्या टेबलावर ठेवला. मग तमिळमध्ये म्हणाले, "मॅडम, मी सहा महिन्यांत घरी बसणार आहे. लिहून देतो की दोष माझ्या खात्याचा आहे. सही करतो. वर विचारलं तर माझं नाव सांगा." आणि खरंच, तिथेच बसून त्यांनी लिहिलं.

त्या सहीमुळे अमुदाक्कांचं कंत्राट वाचलं. पण लाइन लीडरपण गेलं आणि संगणकाला हात लावायला मनाई झाली. नवी लीडर आली, ती बिचारी स्वतःचेच मेल जेमतेम वाचायची. खरी पोंगलची यादी आठ दिवसांनी मेलवर आली. रजा पक्की करायला दोन दिवसांची मुदत होती. लाइन चारवर कोणी वाचून दाखवायला नव्हतं, आणि त्या आठवड्यात मी वरच्यांसाठी सरावाचा अहवाल सजवत होते, माझ्याही ते डोक्यात आलं नाही. तिघींना मुदत संपल्यावर कळलं. अमुदाक्का बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर होत्या. मागे वळून म्हणाल्या, "त्या तिघी आमच्या खोलीवरच पोंगल करतील. स्टोव्हवर. मी भांडं देणार आहे." एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचा सराव एप्रिलमध्ये झाला. मी मजकूर लिहायला नकार दिला, तेव्हा बाहेरच्या कंपनीला काम दिलं गेलं. निकाल आला आणि वर आनंदीआनंद झाला. लाइन चारवर शून्य क्लिक. डिसेंबरात सर्वांत वाईट असलेली लाइन एप्रिलमध्ये सर्वांत चांगली. प्रशिक्षणाचा परिणाम, असं अहवालात होतं. कोणी मेलच उघडत नाही म्हणून कोणी दाबत नाही, हे मी दोनदा लिहून पाठवलं. उत्तर आलं की निष्कर्ष सकारात्मक ठेवावा.

लाइनला शिल्ड द्यायचं ठरलं, कँटीनमध्ये, आणि ते माझ्या हस्ते. नवी लीडर लाजून मागे सरली आणि बायकांनी अमुदाक्कांना पुढे ढकललं. मी शिल्ड दिलं. त्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. अमुदाक्कांनी त्या वाचल्या, मग जुन्या सवयीने सगळ्यांकडे वळून मोठ्याने तमिळमध्ये सांगितलं, "लिहिलंय की आपण सगळ्यांत सावध आहोत. चार महिने काही वाचलं नाही, त्याचं बक्षीस आहे."

बायका हसल्या. रेवती मॅडम हसल्या नाहीत, खाली बघत राहिल्या. मला बाबांचं न हसणं आठवलं.

त्या संध्याकाळी मी एक पान लिहिलं. मराठीत कच्चं केलं, मग तमिळमध्ये केलं. इंग्रजी केलंच नाही. लिहिलं की पोंगल रजेचा खोटा मेल कोणी लिहिला आणि का लिहिला. तो खोटा आहे हे अख्ख्या कारखान्यात कोणी ओळखून कळवलं, आणि ते कुठे अडकलं. मोठ्या साहेबांना सरावातून का वगळलं जातं. चुकून दाबलं तर घाबरू नका, तमिळमध्ये कळवा, उत्तर मिळेल. आणि शेवटी मागणी: रजेची, पाळीची, बसची प्रत्येक सूचना तमिळमध्ये, कागदावर, खाली सही करून बोर्डावर लावावी, आणि मेल वाचून दाखवण्याचं अमुदाक्कांचं काम कंपनीने आपलं म्हणून त्यांना परत द्यावं. तळाशी माझं पूर्ण नाव, टेबलाचा नंबर, आणि 'लिहिणारी व छापणारी एकच.'

मुकुंदरावांना दाखवलं. त्यांनी एक शब्द बदलला नाही. "तुझ्या बापाला भेटायला हवें होतें," म्हणाले.

सकाळी पाळीच्या आधी मी ते कँटीनबाहेरच्या बंद पडलेल्या बोर्डावर लावलं. दुपारपर्यंत काढलं गेलं. चार वाजता मला मेमो मिळाला, ज्याच्या तळाशी रेवती मॅडमची व्यवस्थित सही होती. मी त्याला उत्तर दिलं आहे. हे लिहीपर्यंत नोकरी आहे. आणि मेमोनंतर तीन आठवड्यांनी त्या बोर्डावर बस बदलल्याची सूचना लागली, तमिळमध्ये, खाली सही. त्याबद्दल मला कोणी काही बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. अमुदाक्कांचं लीडरपण अजून परत आलेलं नाही. तेवढ्यासाठी मी पुन्हा लिहिणार आहे.

पण सांगायचं आहे ते पान लावल्याच्या दुसऱ्या दिवशीचं. चहाच्या सुट्टीत मी लाइन चारच्या बाजूने जात होते. फळ्यांच्या पलीकडे बायका पेले घेऊन दाटीने उभ्या होत्या आणि मधे अमुदाक्का. त्यांच्या हातात माझं पान होतं. बोर्डावरून काढलं जाण्याआधी कोणीतरी त्याची प्रत केली होती, किंवा तेच उचललं होतं, मी विचारलं नाही. मला पाहून त्या थांबल्या नाहीत. चष्मा नाकावर सरकवला, पान जरा लांब धरलं, आणि वरून सुरुवात न करता बोट थेट तळाला नेलं.

सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आधी माझं नाव वाचलं.

मग म्हणाल्या, "हं, आता ऐका," आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या.